गेट न दाखवता विकलेलं घर

रविवार. संक्रांत होऊन आठवडा झालेला, तिळगुळाचा डबा अजून टेबलावरच. ठिकाण: अंबाजोगाईतल्या आमच्या घराची पुढची खोली, जिला शटर बसवल्यापासून आम्ही ऑफिस म्हणतो. हजर: मी, माझे धाकटे दीर, जे या जागा-घरांच्या धंद्यात माझे भागीदार आहेत, सिस्टर, आणि नांदूरघाटहून सकाळच्या गाडीने आलेल्या त्यांच्या धाकट्या बहीण, ज्यांना सगळे मावशी म्हणतात. गैरहजर: माझे मिस्टर. ते आतल्या खोलीत वर्तमानपत्राखाली झोपलेले होते, आणि झोपलेल्या माणसाची हजेरी लावायची नाही असा बचत गटाची सचिव असल्यापासूनचा माझा नियम आहे.

सिस्टरांनी आख्खी नोकरी इथल्या मेडिकल कॉलेजच्या प्रसूती विभागात काढली. रिटायर होऊन काही वर्षं झाली, तरी त्यांना नावाने हाक मारणारं गावात कुणी नाही. भाजीवाला, बँकेतला कॅशियर, वकील, सगळे सिस्टरच म्हणतात. मूलबाळ नाही, यजमान गेले. मावशीही नांदूरघाटात एकट्याच. त्या दिवशी दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि विषय मावशींनीच काढला.

मावशींच्या घराला भिंतीला भिंत लागून एक घर आहे. त्याचा मालक पुण्यात स्थायिक झालेला. तो म्हणाला होता, पाडव्यापर्यंत तुमच्यासाठी थांबतो. त्यानंतर आडतवाला मागतोय, त्याला देऊन टाकतो. आडतवाल्याला तिथं सोयाबीनचं गोदाम करायचं होतं.

"मला भिंतीपलीकडं बहीण पाहिजे," मावशी म्हणाल्या. "पोती नको."

म्हणजे सिस्टरांनी इथलं घर विकायचं आणि तिथलं घ्यायचं. हिशेब सोपा होता. मी वहीत ओळ लिहायला घेतली तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "पण एक लक्षात ठेव. घर विकायचंय, विकायला काढलंय हे मात्र गावात कळता कामा नये."

"कावून?" भावजींनी विचारलं.

"बाईमाणसानं घर काढलं म्हणलं की लोक तीन गोष्टी लावतेत. कर्ज, आजार, न्हाईतर भांडण. मी आख्ख्या गावाला दरडावलंय. आता त्यांनी माझी कीव करायची? मला न्हाई चालणार."

भावजी खुर्चीत मागे रेलले. त्यांची पद्धत जुनी. बसस्टँडजवळच्या हॉटेलात बसायचं, चहा मागवायचा आणि समोरच्याला सहज म्हणायचं, "अमक्या गल्लीत एक घर हाय म्हणत्यात, खरं-खोटं माहीत न्हाई." संध्याकाळपर्यंत ते घर, मालकाची जात, विकण्याचं कारण आणि न सांगितलेला भाव, सगळं चौकात पोचलेलं असतं. त्या पद्धतीने भावजींनी पुष्कळ घरं विकली आहेत. पण गुपचूप एकही नाही.

"न बोलता घर विकायचं म्हणजे," ते म्हणाले, "मुक्याच्या लग्नात सनई वाजवायची न्हाई म्हणल्यासारखं हाय."

मी म्हटलं, "पेजवर टाकू या. गिऱ्हाईक बाहेरगावचं बघू."

भावजी हसले. पेज सुरू केलं तेव्हाही असेच हसले होते. तेव्हा त्यांच्या हसण्याला कारण होतं, हे मान्य करते. पहिली जाहिरात मी फोनमधल्या तयार साच्यात बनवली होती. सोनेरी अक्षरं, 'तुमच्या स्वप्नातलं घर', पाठीमागे नारळासारखी कसली तरी उंच झाडं आणि एक कारंजं. त्याखाली पहिलीच कमेंट आली: "ताई, ही अंबाजोगाई हाय का दुबई? आमच्या गल्लीत नळ यायची वाट बघायलोत, तुमी कारंजं उडवायलाव!" त्यावर इतके हसणारे चेहरे पडले की त्या दिवशी मी जेवताना फोन पालथा ठेवला.

मग शिकले. साचा बंद. आपला फोन, आपल्याच हाताने काढलेलं घर, आणि माणूस खरोखर विचारतो तेवढीच माहिती. आपल्याकडे घर बघायला आलेला माणूस हॉलची फरशी नंतर बघतो. आधी विचारतो, बोअर आहे का, त्याला पाणी किती, हौद केवढा. म्हणून माझ्या प्रत्येक रीलमध्ये मोटार चालू होते आणि पाणी पडताना दिसतं. ते सुरू केल्यापासून खरे फोन यायला लागले. कमेंटमध्ये नुसतं 'रेट?' लिहिणारे, 'लोकेशन?' लिहिणारे आणि 'जेवण झालं का ताई' लिहिणारे, असे तीन प्रकार असतात. पहिल्या दोघांना मी उत्तर देते. ज्यांचा फोन येतो त्यांची गरम, कोमट आणि गार अशी वर्गवारी करते. भावजी म्हणतात, ही गिऱ्हाइकं आहेत की चहा.

ठरलं. सिस्टरांच्या घराची रील करायची, पण घर ओळखू येईल असं काही दाखवायचं नाही. मी यादी केली: हिरवं गेट नाही. पाटी नाही. गेटवरचा मोगऱ्याचा मांडव नाही. गच्चीवरची निळी टाकी नाही, कारण तिच्यावर कुणीतरी कधीकाळी कमळ काढलेलं होतं. समोरच्या शाळेची भिंत नाही. देवघर नाही. राहिलं काय, तर हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचं अंगण, हौद आणि बोअर. पुरेसं होतं.

बुधवारी सकाळी आम्ही गेलो. सिस्टरांना स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं की दहा मिनिटं बोलायचं नाही. त्यांनी मान डोलावली आणि मेथी निवडायला घेतली. खोल्या छान निघाल्या. शेवटी हौद. भावजी पाइप धरून हौदाच्या काठावर उभे राहिले, मी मोटार लावली. धार अशी जोरात आली की भावजींना उत्साह आला. "वहिनी, भरून वाहूद्या, झोकात दिसंल," म्हणाले. हौद भरला. पाणी काठावरून अंगणात पसरलं. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला:

"अरे मोटार बंद कर! पाणी काय तुझ्या बापानं साठवलंय का? आणि चपला घालून हौदावर चढलास व्हय? उतर! उतर आधी!"

भावजींच्या हातातला पाइप सुटला. त्यांनी एवढ्या चपळाईने उडी मारली की रीलमध्ये फक्त दोन पाय आणि एक चप्पल हवेत जाताना दिसते.

घरी येऊन मी ती रील पुन्हा पुन्हा पाहिली. गेट नाही, पाटी नाही, टाकी नाही. चेहरा कुणाचाच नाही. राहिला आवाज. काढून टाकायला गेले आणि थांबले. बाई पाण्यासाठी एवढी ओरडतेय म्हणजे पाणी खरं आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच पटलं असतं. आणि आवाजावरून घर कोण ओळखणार? मी माहेरची परभणीची. माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली. त्या वॉर्डात मी कधी झोपले नाही. त्यामुळे तो आवाज काय चीज आहे हे मला माहीतच नव्हतं. आवाज ठेवला. खाली लिहिलं: 'अंबाजोगाई. शांत वस्ती. बोअरला भरपूर पाणी.' आणि टाकून दिली.

भात लावला होता. तो होईपर्यंत पहिली कमेंट आली. पुण्यातला कुणी होता. "हा आवाज मी कुठंतरी ऐकलाय."

त्याखाली दुसऱ्याचं: "अरे बे, सिस्टर हायत! आपल्या मेडिकलच्या!"

मग बांध फुटला. "माझ्या बायकोला म्हणल्या होत्या, ओरड न्हाईतर ढकल, दोन्ही एकदम करू नको." "मला जगात पहिली चापट यांनीच मारली." "मी बाहेर रडत बसलतो, तर म्हणल्या, बाळंतीण तू हाईस का ती?" "शांत वस्ती लिहिलंय आणि सिस्टर तिथंच राहतेत?" एका बाईने लिहिलं की तिची दोन्ही लेकरं सिस्टरांच्या हातची; रील लावल्याबरोबर दोघं, आता मोठी झालेली, आपोआप सरळ बसली. आणि मधून मधून सगळ्यांचा एकच प्रश्न: "मोटार बंद केली का न्हाई शेवटी?"

रील ग्रुपमधून ग्रुपमध्ये जात राहिली. माझ्या पेजच्या आयुष्यात एवढी माणसं कधी आली नव्हती. भावजी शटर अर्धं उघडून आत वाकले.

"वहिनी, मी हॉटेलात पाच जणांना सांगतो. तुमी तर दवंडी पिटली. चहावाला मला म्हणतोय, चप्पल सापडली का."

मी सिस्टरांकडे निघाले. यादीत पहिली ओळ: माफी. दुसरी: रील काढू का विचारणे. गेटपाशी पोचले तर आधीच तीन गाड्या लागलेल्या. आत भाजीवाला केळीची फणी घेऊन बसलेला, एक वकीलसाहेब, आणि शेजारच्या गल्लीतल्या दोन बायका. सगळ्यांचे चेहरे दवाखान्यात भेटायला आल्यासारखे.

"सिस्टर, काय अडचण हाय ते सांगा," भाजीवाला म्हणत होता. "लाजू नका. आमी लेकरंच हावोत तुमची."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "ये. तुला म्हणलं घर दाखवू नको, तर तू मला दाखवलंस. चहा टाक आता."

मी चहा टाकला. दुपारभर तोच उद्योग. दूध संपलं, शेजारून आणलं, तेही संपलं. येणाऱ्यांची ठरलेली तीन अनुमानं होती, सिस्टर म्हणाल्या होत्या तीच. वकीलसाहेबांनी कर्ज धरलं होतं. शेजारणींनी आजार, एकीने तर पुण्याच्या डॉक्टरचा पत्ताही आणला होता. आणि एका माजी नगरसेवकाने भांडण धरून, कुणाशी ते फक्त सांगा, बाकी मी बघतो, असं सांगितलं.

पहिल्या दोघा-तिघांना सिस्टर तोडून बोलल्या. "काही न्हाई, चहा घ्या." मग कंटाळून खरं सांगायला लागल्या. "बहिणीशेजारी राहायला जायलेय. तिच्या भिंतीपलीकडं घर मिळतंय." यात कीव करण्यासारखं काही सापडेना, तसे लोक हसायचे. दिवस कलेपर्यंत त्या हेच वाक्य रंगवून सांगायला लागल्या होत्या. "लहानपणी एका पांघरुणात झोपायचो. ती लाथा मारायची. आता मधी भिंत हाय, भीती न्हाई." शेवटच्या माणसाला त्यांनी बोलावून घेऊन सांगितलं. तो बिचारा वीजबिल द्यायला आला होता.

"रील काढू का?" मी निघताना विचारलं.

"आता काढून काय करतीस? ऱ्हाऊ दे. कमेंट वाचून दाखव तेवढ्या. माझा चष्मा सापडंना."

पण कमेंटने घर विकत नाही. पुढचे दिवस फोन पुष्कळ आले, त्यातले गारच जास्त. काहींना फक्त सिस्टर कशा आहेत विचारायचं होतं. काहींचा सूर वेगळा: "अडचणीत असतील तर कमी-जास्त करतील ना?" अशांना मी गोड बोलून गार वर्गात टाकलं. एकजण पसंत म्हणून गेला आणि परत फोन उचलेना. पाडवा जवळ यायला लागला. मावशींचा रोज सकाळी फोन यायचा आणि त्या एकच सांगायच्या, "आडतवाला आज पुन्हा येऊन माप घेऊन गेला." भावजींनी हॉटेलातली पद्धतही लावून पाहिली, पण लोक त्यांना चप्पल विचारायचे.

मग एका दुपारी चकलांब्याहून एका माणसाचा फोन आला. गावात किराणा दुकान, मुलांच्या शाळेसाठी अंबाजोगाईला यायचं आहे. सिस्टरांना ते ओळखत नव्हते. त्यांनी रील पाहिली होती ती पाण्यासाठी. मी विचारलं, आवाज? "आवाज आमच्या आईला लई आवडला," तो म्हणाला. "म्हणाली, पाणी सांडू देत न्हाई ती बाई बरी असती."

रविवारी ते आले. तो, त्याची बायको, मुलं आणि आई. आजींनी घरात पाऊल टाकल्याबरोबर देवघर कुठल्या दिशेला आहे ते पाहिलं, गळ्यातलं इष्टलिंग सावरलं आणि पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. तिच्यात तुरीची डाळ होती.

"कुकर हाय का?" त्या म्हणाल्या. "बोअरच्या पाण्यात शिजवून बघते. मग बोलू."

असं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं, पण विचार केला तर याहून शहाणी तपासणी नाही. बोअरचं पाणी जड असलं की डाळ शिजत नाही, आणि मग भांडी, केस, कपडे, सगळ्याचंच कळतं. आजींनी पाणी स्वतः काढलं. सिस्टरांनी कुकर दिला आणि, मी डोळ्यांनी खुणावत असताना, म्हणाल्या, "आधीच सांगते. ह्या पाण्यात डाळ लवकर शिजत न्हाई."

भावजींनी कपाळाला हात लावला. मला बाजूला घेऊन पुटपुटले, "वहिनी, सिस्टरला जरा अंगणात न्या, मोगरा दाखवायला सांगा." आणि हात हळूच फळीवरच्या खायच्या सोड्याच्या डब्याकडे.

"डबा खाली ठेव," सिस्टर वळूनही न बघता म्हणाल्या. "मी शिकाऊ पोरींना पाठमोरी राहून धरलंय. तू कोण?"

कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. नातू अंगणात चपला काढून हौदावरून वाकून बघत होते, त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं. कुकर उतरला. वाफ जाईपर्यंत थांबलो. आजींनी एक दाणा चिमटीत दाबला.

"कणी हाय," त्या म्हणाल्या.

मी मनात आडतवाल्याची पोती मोजायला लागले. सिस्टरांचा चेहरा पाहिला. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, या वेळी निवडायला हातात मेथी नव्हती.

आजींनी दुसरा दाणा दाबला, तोंडात टाकला, चावला. "आमच्या चकलांब्याच्या बोअरमधी तर टाकल्याली डाळ तशीच निघती. मोजून परत डब्यात भरावी. ही निदान फुगली तरी." मग सिस्टरांकडे वळून: "तुमी काय करताव मग?"

"डाळीला नळाचं पाणी. नळ आला की हौद धुऊन नळानं भरून घेते. बोअर टाकीत, वापरायला."

"हौद किती दिस पुरतो?"

"सांडला न्हाई तर लई दिस."

आजी पहिल्यांदा हसल्या. मुलाकडे बघून म्हणाल्या, "बोल आता भावाचं. मी पाणी बघितलं."

भावाचं बोलणं झालं. दोन्हीकडून एकेकदा उठून जाण्याचं नाटक झालं, दोन्हीकडून परत बसणं झालं. इसार दुसऱ्याच दिवशी. कागद मी तपासून घेतले. पाडव्याच्या आत नांदूरघाटचा व्यवहारही झाला. पुण्याचा मालक सही करायला आला तेव्हा सिस्टरांना बघून म्हणाला, "मोटारवाल्या तुमीच ना?" आडतवाल्याने दुसरीकडे गोदाम पाहिलं, तो अजून मावशींशी बोलत नाही, पण मावशींना त्याचं काही वाटत नाही.

सामान हलवायच्या दिवशी टेम्पोजवळ एवढी माणसं जमली की हमाल लावावेच लागले नाहीत. भाजीवाल्याने कपाट उचललं. वकीलसाहेबांनी मोगऱ्याची कुंडी मांडीवर घेऊन केजपर्यंत सोबत केली. सिस्टर पुढच्या सीटवर बसून सगळ्यांना ओरडत होत्या आणि दोघं-तिघं ते फोनवर रेकॉर्ड करून घेत होते.

रील अजून पेजवर आहे. 'घर विकलं गेलं आहे' असं मी वर ठळक लिहिलंय, तरी लोक येतात, ऐकतात, लिहून जातात. परवा मी नांदूरघाटला गेले तेव्हा दोघी बहिणींना ताज्या कमेंट वाचून दाखवल्या. सिस्टर आपल्या अंगणात पाटावर, मावशी पलीकडे स्टुलावर उभ्या, हनुवटी भिंतीवर टेकवून. मधली भिंत अजून तशीच आहे. वरची एक वीट काढून ठेवली आहे, तेवढ्यातून पिठल्याची वाटी जाते-येते.

त्या भिंतीत दार पाडायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. गवंडी पाठवायचं काम मी अंगावर घेतलं. तो दोनदा जाऊन आला आणि दोन्ही वेळा तसाच परतला, कारण दाराची कडी कुणाच्या बाजूला बसवायची यावर एकमत होईना.

"माझ्या बाजूला," सिस्टर म्हणतात. "ही पहाटं उठून भांडी वाजवती."

"माझ्या बाजूला," मावशी म्हणतात. "ही कवाबी येऊन माझं फडताळ आवरती."

मी सुचवलं, दोन्ही बाजूंनी बसवा. दोघी एकदम म्हणाल्या, "मग दार कशाला पाडायचं?"

या सगळ्या कामाच्या यादीत आता एकच ओळ खुणेवाचून राहिली आहे. कडी कुणीकडं ते विचारणे, मग गवंड्याला फोन.